सुपारीच्या बारा वऱ्हाडणी

बडोद्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या हातातली सुटकेस रिकामी होती. विजूताईचा फोनवर हुकूमच होता, "तुझे कपडे पिशवीत कोंब, सुटकेस रुखवतासाठी लागेल." विजूताई माझी थोरली बहीण, लग्न होऊन बडोद्याला आली त्याला तीस वर्षं झाली. तिच्या लेकीचं, केतकीचं लग्न आमच्या साताऱ्यात होतं, आणि घरी केलेलं सगळं रुखवत दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने न्यायचं होतं. हे कसं जमणार, याची मला काळजी कमी आणि उत्सुकता जास्त होती.

तरसालीतल्या तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर लोकरीची तोरणं होती, फ्रिजवर डाळी चिकटवलेला गणपती वाळत होता आणि या पसाऱ्यात बसून केतकी फोनवर कुणाशी तरी गुजरातीत भांडत होती.

"आव, आव! जपून गं, तुळशीवृंदावनावर पाय देशील," ताई म्हणाली. "चहा पी आणि मांडवीत जा. खोकं आण, जरीची लेस आण."

मांडवीच्या बाजारातल्या गर्दीत मी आधी सेव-उसळ खाल्ली. वरची तरी इतकी तिखट, की साताऱ्याची असूनही डोळ्यांतून पाणी आलं. खोक्यांच्या दुकानदाराने विचारलं, "शुं मूकवानुं छे, बेन?" (काय ठेवायचंय?) सुपारीची माणसं करून मांडलेलं वऱ्हाड, असं मी हातवारे करत सांगितलं. "ओहो, जान!" (वरात) म्हणत त्याने कप्प्याकप्प्यांचं खोकं शोधून काढलं, वर कागदाचा चुराही फुकट दिला. त्याला ते वऱ्हाड बघायचंच होतं.

परतले तर ताई रडकुंडीला आलेली. समोर ताटात सुपारीच्या बारा बायका उभ्या. तिची बोटं सुजली म्हणून शेजारच्या हंसाबेनने त्या हौसेने नटवून दिल्या होत्या. नाकात नथ, कपाळावर टिकली, सारं झकास. फक्त बाराही जणींचा पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे आलेला!

मला हसू फुटलं. ताई भडकली. "तुला हसायला काय जातंय? तीस वर्षं ऐकतेय, बडोद्याची माणसं गुजराती झाली म्हणून. आता व्याह्यांच्या मांडवातही तेच ऐकू? चल, उसव."

मी सुई घेतली. नऊवारी नेसवून सहा जणी झाल्या आणि दारात हंसाबेन उभी राहिली, हातात प्रवासासाठी केलेल्या थेपल्यांचा डबा. तिने ताट पाहिलं, उसवलेल्या चिंध्या पाहिल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तमारे त्यां आम पहेराय?" (तुमच्याकडे असं नेसतात?) एवढंच ती म्हणाली. मग खाली बसून तिने सातवी बाहुली उचलली. "लावो, मने शीखवाडो." (आणा, मला शिकवा.) चष्मा नाकावर घेऊन ती स्वतःचेच टाके उसवू लागली. इतके बारीक टाके, की निघता निघेनात.

ताईने तिच्या हातातून सुई काढून घेतली. "रहेवा दो, हंसाबेन. आता नाही उसवायचं." आणि सहा अशा, सहा तशा बायका तिने भराभर खोक्यात भरल्या.

गाडीत मात्र तिला धीर नव्हता. सुरतेपर्यंत दोनदा खोकं उघडून मला विचारलं, "फार दिसतंय का गं?" फारच दिसत होतं. पण मी थेपला खात नाही म्हणून मान हलवली.

साताऱ्यात रुखवत मांडलं. नवऱ्या मुलाची आत्या एकेक वस्तू निरखत आली आणि नेमकी तिथेच थांबली. "या अशा पदराच्या कोण हो?"

ताईने पदर सारखा केला.

"या केतकीच्या माहेरच्या," ती म्हणाली.

आत्याबाई मान डोलवून पुढे गेल्या. मी घरी आले, रिकामी सुटकेस माळ्यावर टाकली. इतकी वर्षं ताई लांब कुठेतरी दिली आहे, असंच मी धरून चालले होते. तिथे तिचं घर आहे, तिची माणसं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.