गेरोल्डच्या कुरणातलं केशर

आयुष्यात मी थापा पुष्कळ मारल्या. त्यातल्या एकीमुळे माझं लग्न मोडता मोडता राहिलं, तिची ही हकीकत.

तेव्हा मी म्युनिकजवळच्या गार्चिंगला पीएचडी करत होतो, म्हणजे एका लेसरची दिवसभर मनधरणी करत होतो. म्युनिकमध्येच दुसऱ्या संस्थेत ती होती, तिच्याकडे यीस्ट सांभाळायचं काम. दोन वर्षं एकमेकांना वरणभात खाऊ घातल्यावर आम्ही लग्न करायचं ठरवलं आणि तिनं नाशिकला घरी कळवलं. तिचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बघू."

"बाबांच्या 'बघू'मधून आजवर फार थोड्या फायली बाहेर पडल्यात," ती म्हणाली.

आणि ते खरोखरच बघायला आले. मार्चअखेरीस, तिच्या आईला, म्हणजे काकूंना, घेऊन, तीन आठवड्यांसाठी.

पहिल्याच संध्याकाळी तिच्या खोलीत चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "डोंगरात जाता का कधी?"

खरं उत्तर असं होतं, की अडीच वर्षांत मी आल्प्सच्या दिशेनं एकदाच गेलो होतो आणि तेही पायथ्याच्या बिअरगार्टनपर्यंत. पण होऊ घातलेला सासरा समोर बसलेला. आणि हवा इतकी स्वच्छ, की खिडकीतून लांबवर बर्फाची रांग दिसत होती. मी म्हणालो, "जातो की. जवळजवळ दर रविवारी."

बुरशी आलेल्या डिशकडे ती जशी बघायची, तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"वा," काका म्हणाले. "मग आम्हांलाही न्या. हिला फुलं बघायची आहेत, मला हिमनदी."

निघताना तिनं मला जिन्यात गाठलं. "बाबा एकवीस वेळा हरिश्चंद्रगड चढलेत. त्याबद्दल कधी अक्षर बोलत नाहीत. तूही फार बोलू नकोस."

"छे, मी कशाला बोलतोय," मी म्हणालो.

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही चौघं क्लाइस नावाच्या चिमुकल्या स्टेशनावर उतरलो. मी छापून आणलेला नकाशा पुढे धरून सेनापतीसारखा चाललो होतो. पायांत कॉन्फरन्सला घालायचे चामडी बूट, कारण दुसरे नव्हतेच. काकूंनी साडीवर लेकीचं जाड जॅकेट चढवलं होतं आणि त्यांच्या पिशवीतून थालीपिठांचा वास येत होता. काका मात्र जुने, तळाला खाचा असलेले बूट घालून सगळ्यांच्या मागून येत होते. मी दोनदा वाट चुकलो. दोन्ही वेळा "ह्या बाजूनं जंगल जास्त दाट आहे, मुद्दाम आणलं," असं म्हणालो. काकांनी मान डोलावली.

जंगल संपलं आणि गेरोल्डचं कुरण समोर आलं. बर्फ नुकताच वितळून गेलेला, गवत अजून पिवळट, आणि त्यातून जांभळी-पांढरी फुलं उगवलेली. हजारो. मधे गवत साठवायच्या लाकडी झोपड्या, आणि त्यांच्यामागे बर्फाचे कडे असे उभे, की आपण उगाच आवाज खाली आणतो. थोडा वेळ मीसुद्धा गप्प होतो. ते टिकलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

"कसली रे ही फुलं?" काकूंनी विचारलं.

"क्रोकस," मी म्हणालो. हे मला येत होतं, स्टेशनवरच्या पोस्टरवर लिहिलेलं होतं. इथंच थांबायला हवं होतं. पण केशर क्रोकसच्या फुलातून काढतात, असं शाळेत कधीतरी वाचलेलं नेमकं त्या क्षणी आठवलं. "म्हणजे आपलं केशर, काकू."

"अगंबाई! एवढं?"

"इथं गवतासारखं उगवतं. ह्या लोकांना काही त्याचं कौतुक नाही. श्रीखंड करत नाहीत ना!"

काका एका फुलापाशी उकिडवे बसले, वाकून बघितलं, उठले. काकूंनी मात्र पर्समधून कुंकवाची रिकामी डबी काढली.

"अहो, परवा पाडवा आहे. श्रीखंडापुरतं होईल." आणि वाटेच्या कडेला बसून त्या फुलांतले केशरी तंतू चिमटीनं ओढू लागल्या.

दोनचार चिमटी डबीत पडल्या असतील, तेवढ्यात दोन्ही हातांत काठ्या घेतलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक आजी वळणावरून तरातरा आल्या आणि आमच्यावर तुटून पडल्या. त्यांची बव्हेरियन बोली मला निम्मी कळली, पण निम्मी भरपूर होती. ही फुलं संरक्षित आहेत, तोडायची नसतात, आणि पाटी काय शोभेला लावलीय?

"काय म्हणतायत त्या?" काकांनी विचारलं.

"म्हणतायत, यंदा फुलं छान आलीत."

"काठी रोखून?"

"इकडे तशीच पद्धत आहे."

ती आमच्याकडे पाठ फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

काका आजींच्या काठीच्या रोखानं पाटीपाशी गेले. पाटीवर फूल तोडणारा हात आणि त्यावर लाल फुली. ती वाचायला जर्मन लागत नव्हतं. ते परत आले, आजींना नमस्कार करून "सॉरी, मॅडम" म्हणाले आणि काकूंना म्हणाले, "ऊठ गं. तोडायची नसतात." काकूंनी शरमून डबी मिटली आणि आजींपुढे थालीपीठ धरलं. आजींनी एक घास खाल्ला, तिखटानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं, आणि उरलेलं रुमालात गुंडाळून घेऊन गेल्या.

दुपारी गार्मिशहून दातेरी रुळावरची गाडी पकडून आम्ही त्सुगश्पित्स शिखराखालच्या पठारावर पोचलो. तिथं सगळंच पांढरं आणि त्यावर घसरणारी रंगीबेरंगी माणसं.

"हिमनदी कुठाय?" काकांनी विचारलं.

मी दूरच्या एका कड्याकडे बोट दाखवलं. "ती तिकडे. जवळ जाता येत नाही. फार धोक्याचं असतं."

ती बाजूचा फलक वाचत होती. तिनं तो मोठ्यानं, चवीचवीनं मराठीत वाचला. "आपण आत्ता हिमनदीवर उभे आहात."

काकांनी आपल्या पायांकडे बघितलं. "धोक्याचं आहे म्हणता?"

उत्तर द्यायला मी एक पाऊल पुढे टाकलं आणि माझ्या कॉन्फरन्सच्या बुटांनी मला सोडलं. मी बसलो तो बसल्याबसल्याच निघालो, आणि उन्हं खात पडलेल्या एका जोडप्याच्या आरामखुर्चीला लागून थांबलो. काका शांतपणे, एकेक पाऊल रोवत खाली आले आणि मला बखोटीला धरून उभं केलं.

"टाच रोवायची," ते म्हणाले. दिवसभरात डोंगराविषयी ते एवढंच बोलले.

रविवारी मी संस्थेत जाऊन कॉम्प्युटरवर शोधलं. केशराचं फूल शरद ऋतूत येतं. वसंतात येतो तो वेगळाच क्रोकस, त्याचं केशर होत नाही. आणि तसंच दिसणारं आणखी एक फूल असतं, ते इतकं विषारी, की माणूस जाऊ शकतो. आपण नेमकं कोणतं दाखवलं, हे ओळखण्याची माझी लायकी नव्हती. सांगावं, तर 'बघू'च्या फायलीवर 'थापाड्या' असा शेरा पडून ती कायमची बंद. न सांगावं, तर फायलीवर सही करणाराच राहायचा नाही. एवढ्या श्रीखंडात एवढेसे तंतू म्हणजे काय होतंय, असं मी कागदावर प्रमाणसुद्धा काढून बघितलं. मग स्वतःचीच लाज वाटून तो कागद फाडला, पण फोन काही केला नाही.

पाडव्याला सकाळी गेलो तेव्हा तिच्या बाल्कनीत गुढी उभी होती. झाडूचा दांडा, वर काकूंचा खण आणि स्टीलचा गडू. साखरेच्या गाठी मिळाल्या नव्हत्या, म्हणून जेलीच्या अस्वलांची माळ ओवलेली. मी गुढीला मनापासून नमस्कार केला. मला त्याची गरज होती.

क्वार्क, म्हणजे तिकडचं दह्यासारखं चीज, फडक्यात टांगून केलेलं श्रीखंड पानात आलं. पिवळंधमक, वर केशरी तंतू. काकूंनी पहिली वाटी काकांपुढे ठेवली. त्यांनी चमचा भरून उचलला.

"काका, थांबा!"

मग माझा बांधच फुटला. "ते केशर नाही! काय आहे ते मला माहीत नाही. विषारीसुद्धा असेल. त्या आजी रागावल्या होत्या, फुलं छान आलीत असं काही म्हणाल्या नव्हत्या. जंगलात मी वाट चुकलो होतो. आणि रविवारी मी डोंगरात जात नाही, काका, झोपतो!"

काकांनी चमचा तोंडात घातला. सावकाश गिळला.

"केशर नाशिकहून आणलंय," ते म्हणाले. "तुमची डबी शनिवारीच स्टेशनवर रिकामी केली."

"म्हणजे तुम्हांला माहीत होतं?"

"एकवीस वेळा गड चढलो, तो काय डोळे मिटून?"

"मला गाडीतच सांगितलं त्यांनी," काकू म्हणाल्या.

मी तिच्याकडे वळलो. "तुलाही?"

"हो."

"मग मला नाही सांगायचं?"

"सांगितलं असतं, तर आत्ता ओरडला असतास का?"

काकांनी दुसरी वाटी माझ्यापुढे सरकवली. "दोन दिवस वाट बघत होतो. घास तोंडात जायच्या आधी बोलतोस की नंतर. घे, खा. आणि संध्याकाळपर्यंत थांब. गुढी उतरवायची आहे, घरच्या माणसांनी उतरवायची असते ती."

काकूंनी तोंडाला पदर लावला. तिचे कान लाल झाले होते. श्रीखंडाची चव कशी होती, ते मला आजही आठवत नाही.

ऊन कलल्यावर मी नको तेवढ्या उत्साहानं स्टुलावर चढलो आणि दांडा उपसायला गेलो. स्टूल डुगडुगलं, माळ तुटली, आणि दहाबारा अस्वलं एकामागून एक खालच्या घरमालकिणीच्या बाल्कनीत उतरली.

"टाच रोवायची," काका म्हणाले, आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे राहिले.