चाचांचा गुडघा

अबुधाबीतल्या मुसफ्फ्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर रत्नागिरीकडचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. नाव कधी विचारलंच नाही. त्यांचा गुडघा टम्म सुजला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एसीवर खापर फोडलं. त्यांनीही गुडघ्याजवळच्या एसीच्या जाळीत टॉवेल कोंबला. सूज काही हटेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, गेल्या महिन्यात पोट बिघडलं होतं का?

बिघडलं होतं. ईदला त्यांनी आणलेली बिर्याणी आम्ही सगळ्यांनीच खाल्ली होती. उरलेली त्यांनी दुसऱ्या दिवशी संपवली आणि आजारी पडले.

गुडघ्यासाठी घेतलेली सुट्टी संपवून परतले तेव्हा मी विचारलं, "चाचा, म्हणजे जंतू गुडघ्यात गेले?"

"नाय रे बाबा. जंतू कधीच खलास. आपलंच अंग अजून भांडतंय. डॉक्टर बोलले, थांबेल हळूहळू. इन्शाल्ला."

टॉवेल मात्र जाळीत तसाच होता.

त्या दिवसापासून आम्ही बसमध्ये चढताना ते पायरीकडे टक लावून बघायचे. त्यांना उशीर होतोय असं वाटून मी एकदा भराभर चढलो.

"सावकाश चढ रे," ते म्हणाले. "माझी बिर्याणी तू पण खाल्लेलीस. गुडघा कसा वाकतो, बघू दे."