रत्नागिरीत नंबर काढताना

गेली वीस वर्षं मी रत्नागिरीत चष्म्याचे नंबर काढते. अंधाऱ्या खोलीत नाकावर काचा बदलून बघायची ती जड ट्रायल फ्रेम चढली, की माणूस का कोण जाणे, मनातलं बोलायला लागतो! नंबर कागदावर लिहून देता येतो. बाकीचं माझ्याकडेच साठत जातं.

*

हसनचाचा जन्मभर मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तान. अक्षरओळख नाही, म्हणून तीन दात्यांच्या खुणांचा चार्ट लावला. म्हटलं, "दाते कुठल्या बाजूला, तेवढं सांगा."

चाचा सुरूच झाले, "मिऱ्या... भाट्या... आभाळ... मिऱ्या... पाणी!"

मी चक्रावले. मग लक्षात आलं, चार्ट पश्चिमेच्या भिंतीवर. उजवीकडे उत्तरेचा मिऱ्या डोंगर, डावीकडे दक्षिणेची भाट्याची खाडी, वर आभाळ, खाली पाणी! चाचांची एकही खूण चुकली नाही.

*

हातखंब्याचे एक ड्रायव्हरकाका आले. नोकरीतली डोळेतपासणी तोंडावर आलेली. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी चार्टची शेवटची ओळ घडाघडा म्हटली.

"काका, मी चार्टचा दिवा अजून लावलाच नाहीये!"

"मग लावा की. जुळतंय का बघू!"

*

एक मुलगी लग्नाआधी आईला घेऊन कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला आली. बघण्याच्या कार्यक्रमात आईने तिला चष्मा काढायला लावला होता. लेन्स बसली, तेव्हा होणारा नवरा बाहेर गाडीपाशी उभा होता. तिने दाराच्या काचेतून त्याला नीट न्याहाळलं आणि आईचा हात दाबला.

"आई, चांगला आहे गो!"

*

पावसचे दत्ताभाऊ आंब्याचे बागायतदार. पहिली बायको गेल्यावर साठीत त्यांनी दुसरं लग्न केलं. पहिलीच्या हातच्या आमटीचं कौतुक मात्र चारचौघांत चालूच. नव्या वहिनी मुकाट ऐकून घ्यायच्या. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

त्या दिवशी भाऊ नंबर काढायला आले, वहिनी मागे स्टुलावर बसलेल्या. मी सवयीने काचा बदलत विचारलं, "भाऊ, पहिली बरी की दुसरी?"

मागे स्टूल करकरलं.

मी जीभ चावली. "म्हणजे काच हो, काच!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "सांगा ना. मलापण ऐकायचंय."

भाऊंनी घसा खाकरला. "म्याडम, सवय पहिलीची होती. पण आता जे काय दिसतंय, ते दुसरीमुळंच."

वहिनी उठल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या,

"फ्रेम मी निवडणार हां!"