ट्रकभर बायका आणि एक द्वारका

हडपसर-मांजरी पट्ट्यात सभा कोणाचीही असो, खुर्च्या भरायची वेळ आली की निरोप नागोराव सोळंक्यांकडे जायचा. नागोराव मूळचे परभणीकडचे. पंपांच्या कारखान्यात नोकरीला म्हणून आले. पुढे कारखान्याने सगळ्यांना घरी बसवलं, त्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली आणि आत संगणक येऊन बसले. नागोराव मात्र घरी बसले नाहीत. त्यांना एक विद्या येत होती, माणसं जमवायची, आणि देशात काय वाट्टेल ते बदललं तरी सभेला माणसं लागतात हे काही बदललं नव्हतं. पक्ष त्यांनी चार वेळा बदलला. ट्रक तोच ठेवला.

माणूस उगाच येत नसतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. कोणी जेवणाच्या पाकिटासाठी येतं, कोणी सासूपासून घटकाभर सुटका म्हणून, कोणी नुसती शेजारीण निघाली म्हणून. भाषण ऐकायला आलेला माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता. तसा कोणी सापडलाच तर त्याला पुढच्या रांगेत बसवू नये, मध्येच प्रश्न विचारतो, असं ते नव्या कार्यकर्त्यांना बजावून सांगत.

दोन हजार सातच्या महापालिका निवडणुकीत आपल्याला तिकीट मिळणार, असं नागोराव धरून चालले होते. पांढरे कपडेही शिवून झाले होते. तेवढ्यात वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षाचे पुढारी बापूराव म्हणाले, "वहिनींना उभं करू." नागोरावांनी कपडे कपाटात ठेवले आणि पडत्या फळाची आज्ञा मानली. द्वारकाबाईंना विचारायचं राहून गेलं ते त्यांना दोन दिवसांनी आठवलं. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "उभी राहीन. पण बोलेन मी माझं मी."

अडचण निराळीच होती. वॉर्डात आता मोठमोठ्या सोसायट्या झाल्या होत्या आणि तिथली आयटीवाली मंडळी ट्रकमध्ये चढत नव्हती. पाकीट दाखवावं तर ते घरपोच पिझ्झा मागवणारे. सासूपासून सुटका म्हणावी तर सासवा नागपूरला. माणसाला काय हवं हे न सांगता ओळखणारे नागोराव पहिल्यांदाच हात चोळत बसले. मग बापूरावांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. तरुणांना लव्हस्टोरी आवडते, तेव्हा भावी नगरसेविका आणि त्यांच्या मिस्टरांच्या पहिल्या भेटीवर एक सिनेमा काढायचा आणि सोसायटीत दाखवायचा. लग्नांचं शूटिंग करणारा मांजरीचा मच्छिंद्र दिग्दर्शक झाला.

"काका, पयली भेट कुठं झाली तेवढं सांगा. बाकी मी बघतो."

नागोराव म्हणाले, "शनिवारवाड्यावर."

धादांत खोटं. खरी गोष्ट अशी की त्र्याण्णव साली द्वारका मांजरीला मामाकडे राहायची आणि हडपसरला शिवणक्लासला यायची. नागोरावांनी तिला तिथे पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. बरेच दिवस धीर गोळा करून ते तिच्यासमोर गेले. पण बाईमाणसाला विचारायचा एकच प्रश्न त्यांना ठाऊक होता. तोच तोंडातून बाहेर पडला.

"रविवारी सभेला येता का?"

ती आली. बाकीच्या बायकांबरोबर ट्रकनेच आली असणार; नागोरावांना ती सभेत बायकांच्या बाजूला बसलेली दिसली, आणि परत गेली. दोघांत एका शब्दाचं बोलणं झालं नाही. पुढे मामाकरवी रीतसर मागणी गेली, लग्न झालं, मुलं झाली. पण ती त्या दिवशी का आली, हे नागोरावांनी तिला कधी विचारलं नाही. कारण त्या दिवशीच्या पाकिटात बालुशाही होती आणि द्वारकाबाईंना बालुशाही फार आवडते. माणूस उगाच येत नसतो हे जगाला सांगणं सोपं आहे हो. आपली बायको बालुशाहीसाठी आली होती हे तिच्याच तोंडून ऐकणं सोपं नाही. शिवाय ती सभा नागोरावांच्या तेव्हाच्या पक्षाची होती आणि त्या सभेत बापूरावांना यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. म्हणजे हे प्रकरण सगळ्याच बाजूंनी झाकून ठेवण्यासारखं होतं.

शूटिंग थाटात झालं. तरुण नागोराव म्हणून हडपसरच्या जिममधला एक दंडवाला पोरगा गॉगल लावून आला. शनिवारवाड्यात कॅमेऱ्याला परवानगी मिळेना, म्हणून मच्छिंद्रने शनिवार पेठेतल्या एका इमारतीच्या फाटकासमोर मोटारसायकल उभी केली, वारा हवा म्हणून लग्नाच्या हॉलमधला मोठा पंखा लावला आणि नायिकेची ओढणी उडवली. नायक गुडघ्यावर बसून गुलाब देत असताना फाटकातून एक आजोबा स्कूटर घेऊन आले. त्यांनी दोघांकडे नीट पाहून घेतलं.

"प्रेम अवश्य करा," ते म्हणाले. "फक्त ते डाव्या बाजूला करा. मला भाजी आणायची आहे."

द्वारकाबाई पंख्यामागे उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"ही पोरगी कोण?"

"तू," नागोराव हळूच म्हणाले.

"मी इतकी गोरी कधी होते? आणि ओढणी? मला तर मामा पाचवारीशिवाय घराबाहेर सोडत नव्हता." मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, कोणी विचारलं तर मी खरं सांगेन हां."

त्या दिवसापासून नागोरावांचा जीव टांगणीला लागला. निवडणूक, तिकीट, मतं, सगळं मागे पडलं. कोणी विचारू नये, एवढाच ते देवाला नवस बोलत होते.

एका रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा लागला. माणसं खरंच आली. पुढच्या रांगेत बापूराव होते. पडद्यावर गुलाब आला, ओढणी उडाली, गॉगलवाल्याने दोन गुंडांना लोळवलं, आणि गाणं चालू असताना पाठीमागून आजोबा स्कूटर ढकलत गेले तेव्हा तर टाळ्याच पडल्या. मच्छिंद्रला वाटलं, त्या आपल्यालाच.

दिवे लागले आणि पूर्णिमा नावाची एक मुलगी माइक घेऊन उभी राहिली. नागपूरची, शेजारच्याच आयटी पार्कात नोकरीला.

"काकू, एक विचारू? हे सगळं असंच झालं होतं का?"

नागोरावांनी डोळे मिटून घेतले.

"नाय बाई," द्वारकाबाई उठून म्हणाल्या. "शनिवारवाडा मी लग्नानंतर बघितला. ते पण पाहुणे आले होते म्हणून. यांनी मला सभेला बोलावलं होतं. ट्रकमधी."

हॉल हसला. बापूराव मागे वळले. "कुणाच्या सभेला?"

"ते काय मला आठवत नाय. कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत होतं."

बापूरावांचं समाधान झालं. त्यांच्या हिशेबाने ती कोणतीही सभा असू शकत होती.

पूर्णिमा मात्र खाली बसेना. "पण काकू, तुम्ही गेलात कशाला? म्हणजे, ट्रकमधून? तुम्हाला राजकारणाची आवड होती का?"

झालं. जे होऊ नये म्हणून नागोराव इतकी वर्षं गप्प राहिले होते, ते एका पोरीने माइकवर विचारलं. नागोराव खुर्चीवरून अर्धे उठले. चहा आला आहे असं ओरडावं, वीज घालवावी, काहीतरी करावं असं त्यांना वाटलं. पण चहा आलेला नव्हता आणि सोसायटीला जनरेटर होता.

"राजकारण कसलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "सांगते. मी मामाला शिवणक्लासची परीक्षा हाय म्हणून सांगून आले. येऊन बघते तर ट्रक, आणि ही गर्दी बायकांची. मला असा राग आला. म्हटलं, माणूस बोलवतो कशाला आणि बसवतो कुठं. परत जायला निघाले. तेवढ्यात बघितलं, हे ट्रकच्या मागं उभं राहून एकेका बाईला हात देऊन वर चढवत होते." बोलता बोलता त्या लाजल्या. बायकोला लाजताना नागोरावांनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "म्हटलं, एवढं आलोय तर चढून तरी बघू. चढले. पुढच्या बाजूनं चाकावर पाय देऊन खाली उतरले, आणि परत रांगेत उभी राहिले."

हॉलमध्ये कोणी हसेना.

"तीनदा चढले मी. दर बारीला यांनी हात दिला, म्हणाले, चला मावशी, पुढं सरका. तोंडाकडं बघतंय कोण? हे माणसं मोजत होते."

मग मात्र हॉल जो हसत सुटला तो थांबेना. मच्छिंद्रने कपाळावर हात मारून घेतला, की हा सीन आपल्याला कोणी सांगितला कसा नाही. नागोराव तेवढे उभे होते, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. आयुष्यभर त्यांनी हजारो माणसं चढवली, उतरवली, आणि त्यातलं एकही आपल्यासाठी आलेलं नाही अशी त्यांची खात्री होती. एक आलं होतं, आणि तेही तीनदा.

"म्हणजे बालुशाहीसाठी नाही?" त्यांनी विचारलं.

"कसली बालुशाही? त्या दिवशी माझ्या वाट्याला पाकीटच आलं नाय. कमी पडली."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

नागोराव पुढे गेले आणि भर हॉलमध्ये, बापूरावांच्या देखत, त्यांनी बायकोचा हात धरला. म्हणाले, "तीनदाच का चढलीस मग?"

"तिसऱ्यांदा पण उतरले होते की, चौथ्यांदा चढायला," द्वारकाबाई म्हणाल्या. "ट्रक निघून गेला. तिकडं सभेला मी चालत आले."