शनिवारचं तेल

सायकलवर शेकडो मैल जायचं म्हटलं की लोकांना वाटतं, पाय दुखत असतील. पायांचं काही नसतं हो. दुखतं ते बूड, आणि उठतं ते डोकं, रोज तीच तोंडं बघून.

साठ सालाच्या आगेमागे आम्ही पाच जण एका क्षयाच्या दवाखान्यासाठी देणग्या मागत रामेश्वराकडे निघालो होतो. दवाखाना आमच्या गावापासून दिवसभराच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी. तंजावरला पोचलो तेव्हा चौघेच उरलो होतो. पाचवा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला आमच्या कप्तानानं त्रिचनापल्लीला परतीच्या गाडीत बसवून दिलं होतं. कप्तान शाळेत कवायत शिकवायचा. निघतानाच त्यानं नियम करून टाकला होता की जो अंगानं थकला तो गाडीनं परत, हुज्जत चालणार नाही. मित्राचा गुडघा धरला होता म्हणे. मला तर तो कधी लंगडताना दिसला नव्हता. स्टेशनवर मी कप्तानाशी कडाकडा भांडलो. मित्र मात्र गप्प उभा. मी हात पुढे केला तर त्यानं तो धरलाही नाही, लांबूनच मान हलवली. म्हणजे ज्याच्यासाठी भांडावं त्यालाच काही नाही! त्याचाही मला राग आला.

तंजावरला एक दिवस विश्रांती होती. उतरलो होतो एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठा राजांच्या वेळेपासून तिथं राहिलेलं. मास्तरांचं मराठी ऐकत बसावंसं वाटे, शब्द आपल्या पणजोबांचे आणि हेल तमिळ. नातवंडांना आमचं बोलणं कळायचं, पण उत्तर ती तमिळमधूनच द्यायची.

त्या दिवशी शनिवार होता. तिकडे शनिवार म्हणजे पुरुषांचं तेल लावून न्हाणं. आपण दिवाळीत अभ्यंग उरकलं की वर्षभर सुटलो. त्यांच्याकडे ते दर आठवड्याला, आणि पाहुण्यानं नको म्हटलं तर घराचा अपमान. कप्तान नको म्हणाला. सर्दी झालीय, म्हणाला. झालं! मास्तरांच्या पत्नींनी तिळाच्या तेलात मिरे टाकून ते पुन्हा तापवलं, सर्दीला तेच बरं म्हणून. आता कुठं जातोय हा?

मागल्या अंगणात विहिरीपाशी आम्ही लंगोट लावून पाटांवर बसलो. कप्तान काही बसेना. मास्तरांनी मायेनं खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, तसा तो कळवळून उठला आणि त्याची पाठ आमच्याकडे झाली. बघवत नव्हतं. बैठकीवर दोन्हीकडे फोड, काही फुटलेले, भोवतीची कातडी सोलून निघालेली. हा बाबा रोज मुक्कामाला उभ्यानं चहा घ्यायचा, उभ्यानंच सूचना द्यायचा. आम्हाला वाटायचं, कप्तानकीचा रुबाब!

मास्तरांनी ती जागा सोडून त्याला तेल चोळलं, शिकेकाई लावून ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. त्यांच्या पत्नींनी कडुनिंबाचा पाला आणि हळद वाटून दिली. कप्तानानं ती गुपचूप लावून घेतली. माझं डोकं मात्र फिरलं होतं. गुडघ्यासाठी एकाला घरी धाडतो, आणि स्वतःचं हे असं लपवून रुबाबात हिंडतो!

जेवायला गरम रसम आणि भात. तेलाच्या दिवशी दही नाही, उन्हात जायचं नाही, आणि दुपारी झोपायचं तर मुळीच नाही. पंगतीत कप्तान एका कुशीवर कलून जेवला. जेवणानंतर बाकीचे दोघे तालीमबाज गडी घरापुढच्या ओट्यावर पेंगायला लागले की मास्तर त्यांना हाका मारून जागं करत होते.

मी सदरा चढवला आणि निघालो. मास्तरांनी विचारलं, कुठं? मी म्हटलं, तार ऑफिसात. तेल लावून उन्हात जाणारा माणूस तापानं पडतो, म्हणाले, सांज झाल्यावर जा. वडीलधाऱ्या माणसापुढं काय बोलणार? चरफडत मागं अंगणात गेलो आणि सायकलची साखळी पुसत बसलो. कप्तान माझ्या मागोमाग आला, येऊन उभा राहिला.

तार कुणाला, त्यानं विचारलं.

"त्याला. परत बोलावतोय. रामेश्वराच्या अलीकडे मंडपमला येऊन गाठ म्हणून. आणि त्याच गाडीनं तू घरी जायचं. नियम तुझाच आहे ना?"

मी जातो, म्हणाला, हवं तर आजच जातो, पण ती तार करू नकोस. का, म्हणून मी आवाज चढवला. त्यानं मधल्या दारातून पुढच्या ओट्याकडे बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली.

"तार घरी जाईल. घरच्यांना वाटतंय, तो आपल्याबरोबर आहे."

"मग आहे कुठं?"

"आपण ज्याच्यासाठी मागत फिरतोय ना, त्या दवाखान्यात."

सेलमपासून त्याच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. घरात क्षय आहे असा बोभाटा झाला असता तर ते मोडलं असतं. म्हणून गुडघ्याचं निमित्त. मला कळलं तर मी त्याच्याबरोबर उलट फिरेन, म्हणून मला काही सांगायचं नाही, अशी शपथ त्यानंच कप्तानाला घातली होती. फिरलो असतोच.

हातातलं फडकं तसंच राहिलं. मग रडू आलं, खोटं कशाला सांगू? कप्तान तिथंच उभा होता. त्याला बसता येत नव्हतं. त्याला गाडीत बसवण्याचं मी पुन्हा काढलं नाही. तंजावरचा मुक्काम तेवढा वाढवला.

दिवेलागणीला मास्तरांनी आसपासची मराठी मंडळी ओट्यावर बोलावली. दवाखान्याबद्दल बोलायचं काम रोज कप्तानाचं. त्या दिवशी मी उठलो. तिथं एकेका खाटेसाठी माणसं कशी थांबून राहतात, रात्रभर कशी खोकत असतात, ते सांगायला लागलो आणि दोन वाक्यांनंतर शब्दच फुटेना. आमचे दोघे गडी एकमेकांकडे बघून हसले. त्यांना वाटलं, मला भाषण जमत नाही.