लायसनसाठी केलेली आठ दिवसांची महारकी

पाटलाच्या अंगणात मी पहिली चूक केली ती अशी, की उजवा हात पुढं केला. हात मिळवायला.

कराचीच्या गॅरेजात तशी रीत होती. मालक कुणीही असो, कामाचं बोलणं निघण्याआधी चिंधीला ग्रीस पुसायचं आणि हात मिळवायचा. मला वाटलं, मोठ्या माणसाशी सगळीकडे असंच बोलतात. पाटील ओसरीवर लाकडी तक्तपोसावर बसले होते. मेलेला उंदीर शेपटीला धरून कुणी नाकासमोर आणावा, तसं त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हात तसाच हवेत. मागं घ्यावा की राहू द्यावा, कळेना. शेवटी मी त्याच हातानं डोकं खाजवलं.

पाटलानं मला विचारलं नाही. गड्याला विचारलं, "कोनाचा हाय बे हा?"

"मेलेल्या कोतवालाचा नातू जी. पाकिस्तानातून आलेला."

"असं काय. जोहार घालाले नाई शिकवत काय पाकिस्तानात?"

ओसरीवरचे चौघे हसले. मीही हसलो. ते चौघे हसले याचं मला आता काही वाटत नाही. मी हसलो, ते टोचतं.

मग मी जोहार घातला. कमरेत वाकून. पंचवीस वर्षांचा गडी. तोवर माझी कंबर फक्त गाडीच्या बॉनेटखाली वाकली होती. आणि सहाच महिन्यांपूर्वी आमच्या अख्ख्या वस्तीनं नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली होती. जोहार सोडला होता. गावची फुकटची चाकरी, जिला सगळे महारकी म्हणत, ती सोडली होती. मीही गेलो होतो. परत येताना मीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतो, घसा बसेपर्यंत. आणि सहा महिन्यांत हा असा वाकलो.

कशासाठी? लायसनसाठी.

जाम गावच्या चौरस्त्यावर एका ट्रकमालकाकडे मी क्लीनर होतो. बापानं कराचीत मिशा फुटायच्या आधी मला गाडी शिकवली होती. इकडे ड्रायव्हरला डुलकी लागली की ट्रक मीच हाकायचो. पोलीस दिसला की चालत्या गाडीत जागा बदलायची. एकदा बदलताना पायजमा गिअरच्या दांड्यात अडकला, आणि हिंगणघाटच्या जिनिंगसमोर मी अर्धा इकडे अर्धा तिकडे असा लटकलो. मालकानं त्या दिवशी पोट धरून हसून घेतलं आणि मग म्हणाला, "लायसन आन. दिवाळीले कापूस सुरू झाला का गाडी तुयावाली." क्लीनर म्हणजे गाडी पुसायची, चाक बदलायचं, टपावर झोपायचं. ड्रायव्हर म्हणजे माणूस. मला तो माणूस व्हायचं होतं.

म्हणून वर्ध्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाबूनं फॉर्म वाचला.

"जन्म कराची? म्हणजे पाकिस्तान."

"मी जन्मलो तेव्हा पाकिस्तान नव्हतं साहेब."

"आता आहे ना? निर्वासिताचं कार्ड दाखव. कॅम्पचं."

"कॅम्पात गेलो नाही साहेब. घरी आलो."

हे मी अगदी भोळेपणानं सांगितलं. खरंच तसं झालं होतं. बाप तरुणपणी पोटासाठी गाव सोडून कराचीच्या गोदीत गेला, मग मोटारीवर. फाळणी झाली तेव्हा आम्ही बोटीनं मुंबईला उतरलो. लोक कॅम्पाच्या रांगेत उभे राहिले. बाप म्हणाला, आपण काय निर्वासित आहोत का, आपल्याला गाव आहे. त्यानं आम्हाला थेट आज्याच्या झोपडीत आणलं आणि त्याच पावसाळ्यात तापानं मेला. रांगेत उभं न राहण्याची ऐट माणसाला किती महाग पडते, ते मला दहा वर्षांनी त्या खिडकीत कळलं.

बाबू म्हणाला, "मग तू भारताचा नागरिक कशावरून? बाप इथला होता असा पाटलाचा दाखला आण. नाहीतर लायसन विसर."

त्याच कचेरीच्या दारावर ताज्या रंगाची पाटी होती. आदल्या साली मध्यप्रदेशचा वर्धा मुंबई राज्यात गेला होता. अख्खा जिल्हा बसल्या जागी एका राज्यातून दुसऱ्यात गेला. त्याला कुणी कार्ड मागितलं नाही.

तर असा मी पाटलाच्या अंगणात पोचलो.

पाटलानं सगळं ऐकून घेतलं. घाई नव्हती त्याला. मग म्हणाला, "तुया बाप या गावचा होता, हे मी कसं सांगू? गावचा असन त गावचं काम करन. तुमची वस्ती तर आता काम करत नाई. मंग तुमी या गावचे कसे?"

उत्तराची वाट न बघता पाटील पुढं म्हणाला,

"आठ दिवस काठी घे. सांगावे ने, दवंडी दे, लाकडं फोड. मंग मी लिहून देतो का हा मानूस या गावचा हाय."

पाटील हुशार माणूस. अख्ख्या वस्तीनं सोडलेली काठी कुणातरी एकाच्या हातात परत द्यायची होती. गरजू कोण, ते त्याला बरोबर दिसलं.

मी काठी घेतली. सबबी भरपूर होत्या माझ्याकडे. आठच तर दिवस. आजा जन्मभर कोतवाल होता, त्यानं केलंच ना. लायसन आलं की कोण पाटील आणि कोण मी. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो, ते तेव्हा समजलं.

पहिल्या दिवशी लाकडं फोडली. दुपारी गड्यानं लांबूनच दोन शिळ्या भाकरी माझ्याकडे टाकल्या. मी धरल्या. तिसऱ्या दिवशी दवंडी द्यायची होती, शेतसाऱ्याचा हप्ता भरायची. गावभर दिली. पाटील म्हणाला, "तुमच्या वस्तीतबी देजो."

वस्तीत शिरलो तेव्हा डफ वाजवायचा हात चालेना. दारं उघडी होती, पण कुणी बाहेर आलं नाही. एका दारात म्हातारी आत्या तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"कराचीहून हेच शिकून आला काय रे पोरा?"

मी पुढं गेलो. दवंडी पुरी केली. आवाज मात्र खणखणीत लागला, ड्रायव्हरचा गळा होता ना.

घरी आलो तर बायकोनं ताट दाराबाहेर मातीत ठेवलेलं. आंजी गावची पोर, लग्नाला दोन वर्षं झालेली, तोंडानं कमी बोलणारी.

मी म्हटलं, "हे काय?"

"महारकी करनाऱ्याले भायेरच वाढतेत न? मले वाटलं, तुमाले सवय झाली असन."

मी बाहेरच बसून जेवलो. भूक लागली होती. हेही खरंच सांगतो. पुढचे पाच दिवस ताट बाहेरच होतं.

नवव्या दिवशी सकाळी पाटलानं दाखला दिला. शिक्का होता. सही होती. मला वाचता येत असेल, असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. कराचीत मी मराठी चौथीपर्यंत शिकलो होतो. तिथंच अंगणात उभ्यानं वाचला.

"सदर इसम जातीने महार. गावची महारकी करतो. वर्तणूक नम्र. पाकिस्तानातून आल्याचे ऐकिवात आहे. बाप कोठला, माहीत नाही."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा शेवटची ओळच वाचली.

ज्या माणसाच्या बापानं त्याच अंगणात लहानपणी शेण उचललं, त्याचा बाप कुठला, माहीत नाही. नम्र आहे हे मात्र माहीत आहे. त्यावर शिक्का आहे.

"हे खोटं हाय पाटील," मी म्हणालो.

"वाचता येते काय तुले?" त्याला खरंच नवल वाटलं. मग रागानं म्हणाला, "मंग खरं कोन लिहिन? तुया आजा?"

ओसरी हसली. या वेळी मी हसलो नाही.

दाखला तक्तपोसावर त्याच्या मांडीजवळ ठेवला. काठी भिंतीला लावली. जोहार न घालता वळलो. मागून पाटील ओरडला, "लायसन इसर मंग." मी थांबलो नाही. भराभर चाललो. शूर माणूस सावकाश चालतो म्हणतात. मी शूर नव्हतो. फक्त परत फिरायचं नव्हतं.

पण पाटलाचा शब्द डोक्यात राहिला. तुया आजा. आज्याला लिहिता येत नव्हतं. पण गावच्या जन्ममृत्यूची वही त्याच्याच डोक्यावर होती. गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं की आजा सांगायचा, गुरुजी वहीत लिहायचे, आणि आजा ती फडक्यात बांधून पोलीस ठाण्याला चालत नेऊन दाखवायचा. तीस वर्षं. सगळ्या गावाचा जन्म त्यानं वाहून नेला. मग त्याच्या घरचा जन्म त्याच वहीत असणार.

हिंगणघाटच्या तहसिलीत अर्ज टाकला. मायला विचारलं होतं, बापाचा जन्म मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या सालचा. चार फेऱ्या झाल्या, चार दिवसांची रोजी गेली. पाचव्या फेरीला नक्कल हातात आली.

"कोतवाल. जात महार. मुलगा १."

एवढंच. बापाचं नाव नव्हतं, तान्ह्या लेकराचं तेव्हा लिहीत नसत. आज्याचंही नव्हतं. नक्कल काढताना त्याच पानावर पाटलाच्या घरची नोंद दिसली, तिच्यात बापाचं नाव, आज्याचं नाव, नावाआधी मानाचं राजश्री. आमच्याकडे नुसता हुद्दा, जात आणि आकडा. वही वाहून नेणाऱ्याचं नाव वहीत नाही. मी ती नक्कल हातात घेऊन तहसिलीच्या पायरीवर बराच वेळ बसलो. रडलो नाही. पाटलाकडे वाकलो तेव्हा माझ्यासोबत आज्याला आणि बापालाही वाकवलं, ते तिथं कळलं.

वर्ध्याच्या खिडकीत बाबूनं नक्कल उलटीपालटी केली.

"कोणता कोतवाल? कोणता मुलगा? हा तुझाच बाप कशावरून?"

"गावात कोतवाल एकच होता साहेब."

"चालणार नाही."

आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, बरं साहेब. या वेळी म्हणालो, "चालनार नाई, तर तसं लिहून द्या. माया नावानं."

"असं लिहून देत नाहीत."

"मंग मी उभा हाय."

मागच्या रांगेतले कुरकुरले. शिपाई आला, दंडाला धरून बाजूला केलं. मी परत खिडकीशी गेलो. दुसऱ्यांदा केलं. परत गेलो. दुपारची सुट्टी झाली, खिडकी बंद झाली, मी तिथंच. खिडकी उघडली तर समोर मी. शेवटी आतून मोठा साहेब म्हणाला, "द्या रे त्याला काय हवं ते लिहून, कटकट मिटवा."

बाबूनं लिहिलं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. खाली: भारताचा नागरिक असल्याचा पुरावा अपुरा, अर्ज नामंजूर. शिक्का.

सरकारच्या कागदावर आमच्या घरातलं पहिलं नाव आलं ते असं. नकारावर.

ती गाडी त्या दिवाळीला दुसऱ्याच्या हातात गेली, हे आताच सांगून टाकतो. उगाच आशा नको. मी पुढंही चाकं बदलत राहिलो. पण त्या दिवशी वर्ध्याहून परत येताना टपावर बसून एक ठरवलं. दर महिन्याला अर्ज करायचा. नकार आला तर लेखी घ्यायचा. कागदाचा गठ्ठा झाला तरी चालेल. दाखल्यासाठी कुणाच्या अंगणात मात्र पुन्हा उभं राहायचं नाही.

घरी आलो. ताट आत होतं. बायकोला नववा महिना लागला होता, बसताना भिंतीला हात लावावा लागे. मी तिला आधी नक्कल वाचून दाखवली, मग नकाराचा कागद. तिला वाचता येत नव्हतं. तिनं दोन्ही कागद हातात घेतले, चुलीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिली, आणि घडी करून परत दिले.

"लेकरू झालं का वहीत लिहाले तुमी सोता जाजा," ती म्हणाली. "नाव सांगजा. त्यायनं नुसतं ‘मुलगा एक’ लिहिलं, त तिथून हालजा नोको. आन मुलगी झाली, तरी हालजा नोको."