आधी मोठीमायचा अंगठा

आमच्या मोठीमायचा डाव्या हाताचा अंगठा बारा महिने जांभळा असायचा. शिक्क्याच्या शाईचा डाग. तो ती मुद्दाम धुवायची नाही. नव्या आलेल्या बाया हसल्या की अंगठा वर करून दाखवायची आणि म्हणायची, "हसा. तुमचे हात साफ राहावे म्हनून हा रंगला आहे."

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या बाहेर अगरबत्तीच्या काड्यांचा कारखाना होता, तिथं ती बायांची मुकादम. वयानं आणि अंगानंही सगळ्यांत मोठी, म्हणून मोठीमाय. खरं नाव फक्त हजेरीच्या रजिस्टरला ठाऊक. बांबू फोडायचा, यंत्रातून गोल काडी काढायची, वाळवायची आणि जुड्या बांधायच्या, हे आमचं काम. मोठीमाय जुडी हातात घेऊन फरशीवर एकदा आपटायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, ओली आहे, परत उन्हात टाक. मी बारावी शिकलेली. पहिल्याच आठवड्यात माझ्या इतक्या जुड्या परत आल्या की शिक्षणाचा सगळा तोरा उतरला.

तिला अक्षर येत नव्हतं. म्हणूनच कागदाच्या बाबतीत तिचा कायदा कडक. सुट्टीचा असो की विम्याचा, कारखान्यात आलेला कागद मी मोठ्यानं वाचायचा, आणि तोही दोनदा. मग ती अंगठा उठवायची, तिच्यामागून बाकीच्या. कुणी आधी हात पुढे केला तर त्या हातावर चापट बसायची. "खड्डा असंल त आदी मी पडीन," ती म्हणायची. "मले काई झालं नाही, त तुमी या." एकदा मालकानं रविवारचं काम गुपचूप कागदात घुसवलं होतं, ते दुसऱ्या वाचनात सापडलं. तेव्हापासून त्या अंगठ्यावर आमचा देवाहून जास्त भरवसा.

मग परदेशातून काडी यायला लागली. गुळगुळीत, एकसारखी आणि आमच्या काडीहून स्वस्त. मालकानं यंत्रं बंद केली आणि त्याच शेडमध्ये बाहेरच्या काडीची पोती उतरवायला सुरुवात केली. आम्हा एकतीस बायांवर घरी बसायची पाळी आली. तेवढ्यात कळलं, परदेशी मालामुळे ज्यांचं काम गेलं त्यांना दुसरं काम मिळेपर्यंत सरकार दरमहा मदत देणार आहे. फक्त कारखान्यानं कामावरून कमी केल्याचा कागद लागणार होता.

तो कागद घेऊन मालक स्वतः आला. सोबत सगळ्यांना चहा. मदतीचेच कागद आहेत, म्हणाला, आजच पोचवायचे. मी वाचायला घेतलं. दुसरं पान उलटलं तसा तो मोठीमायकडे वळला. "माई, बीस साल में कभी आपका बुरा किया? शाम तक नहीं पहुँचा तो सबका नुकसान होगा."

इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदाच माई म्हटलं होतं. तिनं माझ्या हातातला गठ्ठा घेतला. "राहू दे वं पोरी," म्हणाली, आणि अंगठा उठवला. मागून आम्ही तीस जणी. मी तर चांगली लफ्फेदार सही केली.

मदतीसाठी गेलो त्या गोंदियाच्या सरकारी कार्यालयातला साहेब भला माणूस होता. फाईल आमच्याकडे फिरवून त्यानं शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तुम्ही तर स्वतःहून काम सोडलंय, तुम्हाला मदत कशी मिळणार, असं त्याचं म्हणणं. मोठीमायनं मला विचारलं, काय लिवलं आहे? मी वाचलं, मी स्वखुशीने काम सोडत असून माझी कोणतीही तक्रार नाही.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

साहेबानं दया येऊन आम्हाला अगरबत्ती वळायच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात बसवलं. पहिल्या दिवशी मोठीमायनं सवयीनं समोरची जुडी फरशीवर आपटली. "चांगली वाळली आहे," म्हणाली आणि खाली ठेवली. जुडी परदेशी होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

मग बाया बोलायला लागल्या. मोठीमायला मालकानं काहीतरी दिलं असेल, इथपर्यंत गेल्या. ती कुणाच्या दारात खुलासा द्यायला गेली नाही, आणि मीही तिच्या बाजूनं तोंड उघडलं नाही. मला राग होता. इतकी वर्षं सगळं दोनदा वाचायला लावलं, आणि नेमकं त्या दिवशी एकदाही पुरतं वाचू दिलं नाही! मालकाकडून मी फार आशा ठेवली नव्हती. हिच्याकडून ठेवली होती. आता कळतं, आम्हा सगळ्यांना फसवायला त्याला एकच बाई फसवावी लागली, आणि ती त्यानं बरोबर निवडली.

पुढं ती केशोरीला भावाकडे राहायला निघाली. मालकानं फसवून अंगठे घेतल्याचा तक्रारअर्ज लिहून मी बायांचे अंगठे घेत फिरत होते. तिला शिव्या घालणारीसुद्धा आधी विचारायची, "मोठीमायचा झाला का?" म्हणून बाकीच्यांचे अंगठे खाली घेऊन सगळ्यांत वरची जागा मी रिकामी ठेवली होती. बसस्टँडवर अर्ज आणि शाईची डबी तिच्यापुढे धरली.

तिनं अर्ज दोनदा वाचून घेतला. मग मान हलवली. "वर माजा नको. वर तुजी सही कर."

"मोठीमाय, पहिला अंगठा तुझाच असतो."

"म्हनूनच त," ती म्हणाली. "ज्याले वाचता येते त्यानं आदी पडावं."

मी सही केली. तिनं सगळ्यांच्या खाली, कोपऱ्यात अंगठा उठवला. त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

गाडी लागली. खिडकीजवळ बसून तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि अंगठा पुसायला लागली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती पुसतच होती.